गाडीतल्या रेडिओच्या अँटेनाला कोणती कोॲक्स (मधे तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल) घालू? आरजी-५८, एलएमआर-२४० की डायरेक्ट एलएमआर-४००?

नवा_तरंग
नमस्कार मंडळी. गाडीत ड्युअल बँड (दोन पट्ट्यांवर बोलायचा-ऐकायचा) रेडिओ बसवतोय, व्हीएचएफला (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) ५० वॅट आणि यूएचएफला (४३५ च्या आसपास) ४० वॅट देतो. अँटेना छताच्या मध्यभागी येणार, छताला भोक पाडून एनएमओ माऊंट (छताच्या भोकात पक्का बसणारा अँटेनाचा तळ) लावायची तयारी आहे. रेडिओची बॉडी पुढच्या सीटखाली, म्हणजे केबल छताच्या अस्तरातून मागच्या खांबात उतरवायची आणि दाराच्या पट्टीखालून पुढे आणायची, एकूण ५ मीटरच्या आसपास होईल. आता प्रश्न केबलचा. माऊंटबरोबर आरजी-५८ येते, पण जिथे बघावं तिथे लोक सांगतात आरजी-५८ म्हणजे वॅट खाणारी केबल, लावायची तर एलएमआर-४०० लावा. दुसरीकडे कोणी म्हणतं गाडीत काहीही चालतं. माझा वापर जास्त करून १४५ ला सिम्प्लेक्स (रेडिओ ते रेडिओ थेट) आणि ४३५ च्या आसपास रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं स्टेशन), रिपीटर लांब आहे त्यामुळे यूएचएफला मला काळजी जास्त आहे. अजून एक, माझ्याकडे टीव्हीची ७५ ओहमची चांगल्या क्वालिटीची केबल बरीच पडून आहे, ती वापरली तर काय होईल? गाडी रोज चालते, रस्ते खराब आहेत, हेही लक्षात घ्या. नुसतं हे चांगलं ते वाईट असं नको, का ते पण सांगा.

डेसिबल
प्रश्न व्यवस्थित विचारलाय, लांबी आणि बँड दोन्ही दिलेत म्हणून उत्तर आकड्यात देता येतं. केबल चांगली का वाईट हे लांबीशिवाय बोलण्यात अर्थच नाही. डेटाशीटमध्ये लॉस १०० मीटरचा देतात, तो वाचून माणूस घाबरतो, पण तुमची केबल ५ मीटर आहे म्हणजे त्या आकड्याचा विसावा भाग.

आरजी-५८ चा लॉस १४५ ला १०० मीटरला साधारण २० डीबी (सिग्नल किती घटला याचं माप, ३ डीबी म्हणजे निम्मी पॉवर गेली), म्हणजे तुमच्या ५ मीटरला १ डीबी. ५० वॅटमधले ४० अँटेनापर्यंत पोचतात. हीच केबल ४३५ ला १०० मीटरला ३८ च्या आसपास जाते, म्हणजे तुम्हाला १.९ डीबी, ४० वॅटचे २६ उरले. एलएमआर-१९५ घेतली, जी बाहेरून बरोबर आरजी-५८ एवढीच जाड असते, साधारण ५ मिमी, तर व्हीएचएफला ०.७ आणि यूएचएफला १.२५ डीबी, म्हणजे ४२ वॅट आणि ३० वॅट. एलएमआर-२४० ही ६.१ मिमी, तिला ०.५ आणि ०.८५, म्हणजे साधारण ४५ आणि ३३ वॅट. आणि एलएमआर-४०० म्हणजे १०.३ मिमी, तिला ०.२५ आणि ०.४५, म्हणजे ४७ आणि ३६.

आता हे वॅट बघून वाटतं की केवढा फरक, पण समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस युनिट म्हणजे ६ डीबी. आरजी-५८ वरून एलएमआर-२४० वर गेलात तर यूएचएफला १ डीबीच्या वर थोडं मिळालं, म्हणजे एस युनिटचा सहावा भाग. सिग्नल चांगला असेल तर समोरच्याला काहीही कळणार नाही. पण तुमचा रिपीटर लांब आहे, आणि एफएम जेव्हा आवाज आणि खरखर याच्या बरोबर सीमेवर असतं ना तेव्हा १ डीबी कानाला कळतो, शब्द समजणं आणि न समजणं एवढा फरक पडू शकतो. शिवाय हा लॉस फक्त पाठवताना नाही, ऐकताना पण तेवढाच, आणि ऐकण्याचा लॉस पॉवर वाढवून भरून काढता येत नाही हे लोक विसरतात.

म्हणून माझं मत: नुसतं व्हीएचएफ असतं तर चांगल्या कंपनीची आरजी-५८ बिनधास्त लावा म्हटलं असतं. यूएचएफ महत्त्वाचं आहे म्हणून एलएमआर-१९५ किंवा २४०. एलएमआर-४०० ने २४० च्या वर यूएचएफला फक्त ०.४ डीबी मिळतात, त्यासाठी १० मिमीची कडक केबल छताच्या अस्तरात कोंबायची हे मला पटत नाही.

७५ ओहमचं पण सांगतो. टीव्हीच्या केबलचा लॉस खरं तर आरजी-५८ पेक्षा बराच कमी असतो, पण ५० ओहमचा अँटेना ७५ च्या लाइनवर लावला की लाइनमध्ये १.५ चा एसडब्ल्यूआर (लाट किती परत फिरते याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) बसलाच, आणि लांबी नको तिथे आली तर रेडिओला तोच २.२५ पर्यंत दिसू शकतो. त्यात पुन्हा बऱ्याच टीव्ही केबलची जाळी ॲल्युमिनियमची, तिला सोल्डर धरत नाही, आणि पीएल-२५९ कनेक्टर त्या केबलवर नीट बसत नाही. ती केबल टीव्हीलाच राहू द्या.

खडखडाट
डेसिबल यांनी हिशोब छान दिला, मी दुसरी बाजू सांगतो कारण माझं काम गाड्यांमध्ये रेडिओ बसवायचंच आहे आणि गाडीत केबल लॉसने जात नाही, ती हलून, चेपून आणि पाणी पिऊन जाते.

पहिलं म्हणजे आतली तार बघा. एलएमआर-४०० ची आतली तार एकच जाड, ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेलं. टॉवरवर एकदा बांधली की वीस वर्षं कोणी हात लावत नाही तिथे ती उत्तम. गाडीत रोज थरथर, आणि एकेरी तार जिथे कनेक्टरमधून बाहेर पडते तिथेच सगळा ताण येतो, शिवाय एवढी जड कडक केबल रेडिओच्या मागच्या सॉकेटला सतत ओढत राहते. साध्या बारीक पिगटेलवर (रेडिओतून बाहेर आलेल्या छोट्या केबलवर) सॉकेट असलेल्या रेडिओला तर अजिबात नको. आरजी-५८ मध्ये पण प्रकार आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ए/यू आणि सी/यू मध्ये आतली तार बारीक तारांची पिळलेली असते, साधी आरजी-५८/यू म्हणून मिळते तिच्यात एकेरी. गाडीसाठी पिळाचीच घ्या. एलएमआर-२४० साधीमध्ये एकेरी तार आहे पण तिचाच अल्ट्राफ्लेक्स प्रकार मिळतो त्यात पिळाची असते, लॉस थोडा वाढतो, पण जिथे केबल हलणार आहे तिथे मी तीच लावतो.

दुसरं, फोम. एलएमआर वगैरे कमी लॉसच्या केबलमध्ये आतलं इन्शुलेशन फोमचं असतं, म्हणून तर लॉस कमी. आरजी-५८ मध्ये भरीव पॉलिथिलीन. फोम मऊ असतो, केबल घट्ट वाकवली आणि वर ऊन लागून गरम झाली की आतली तार हळूहळू मधोमध न राहता एका बाजूला सरकते. तिथे मग ५० ओहम राहत नाही आणि जास्तच सरकली तर शॉर्ट. उन्हात बंद उभ्या गाडीचं छत आतून किती तापतं ते हात लावून बघा. डेटाशीटमध्ये एलएमआर-२४० ला १९ मिमी त्रिज्येचं आणि ४०० ला २५ मिमीचं वळण चालतं असं लिहिलेलं असतं, पण ते एकदाच वाकवून ठेवायचं वळण आहे, मी गाडीत त्याच्या दुप्पट तरी ठेवतो. खांबात उतरताना जो काटकोन येतो तिथे केबल चेपून घुसवू नका, जागा नसेल तर बारीक केबल घ्या पण चेपू नका.

आणि खांबात एअरबॅग असते बरं का. बऱ्याच गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, केबल तिच्या मागून न्यायची, पुढून किंवा तिच्यावरून आडवी कधीच नाही. अस्तर उघडायच्या आधी गाडीचं मॅन्युअल बघा. यात तडजोड नको.

तिसरं कनेक्टर. तुमच्या सगळ्या डीबीच्या हिशोबाला एक वाईट कनेक्टर खाऊन टाकतो. फोमच्या केबलवर पीएल-२५९ सोल्डर करताना जास्त वेळ गरम धरलं की आतला फोम वितळतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून फोमला मी क्रिंपचे (सोल्डर न करता दाबून बसवायचे) कनेक्टर वापरतो, योग्य मापाच्या डायने. पक्कडने दाबलेला क्रिंप हा क्रिंप नाही, थरथरीने महिन्याभरात ढिला होतो आणि मग बोलता बोलता एसडब्ल्यूआर वरखाली उड्या मारायला लागतो.

माझा सल्ला आरजी-५८ए/यू किंवा एलएमआर-१९५, नीट बसवलेली. एनएमओ माऊंटला या दोन्ही जाडीच्या केबल सरळ बसतात, २४० साठी माऊंट वेगळा बघावा लागतो.

शांत_रिसीव्हर
मला वाटतं दोघांनीही एक गोष्ट सोडली, जाळी. आणि आजच्या गाडीत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आजकालच्या गाडीत किती इलेक्ट्रॉनिक्स आहे बघा, डॅशकॅमचा चार्जर, यूएसबी पोर्टचे कन्व्हर्टर, एलईडी हेडलाइटचे ड्रायव्हर, इंधन पंपाचा कंट्रोलर. तुमची केबल या सगळ्या वायरिंगच्या बाजूने ५ मीटर धावणार. जाळी विरळ असेल तर हा सगळा गोंगाट केबलमध्ये शिरतो आणि रेडिओला तो अँटेनातून आल्यासारखाच वाटतो. इथे १ डीबी वाचवायची चर्चा चालू आहे, पण नॉइज फ्लोअर (मागचा कायमचा गोंगाट) ६ डीबीने वर गेला तर ते वाचवलेलं कुठे गेलं ते कळणार पण नाही.

स्वस्तातली आरजी-५८ म्हणून जी मिळते तिचं टोक सोलून जाळी मागे सरकवून बघा. चांगल्या केबलमध्ये ९५ टक्के झाकलेलं असतं, आतलं पांढरं जवळपास दिसत नाही. स्वस्तातल्या केबलमध्ये जाळीतून सरळ आतलं इन्शुलेशन दिसतं. दोन्हीवर छापलेलं मात्र आरजी-५८ च असतं, कारण हे नाव आता कोणीही कशावरही छापतं, ते मूळ लष्करी स्पेसिफिकेशनचं नाव आहे आणि त्याच्यावर आता कोणाचा ताबा उरलेला नाही. एलएमआर प्रकारात जाळीच्या खाली ॲल्युमिनियमची फॉइल असते, तिने १०० टक्के झाकलं जातं, कंपनी ९० डीबीच्या वर शिल्डिंग सांगते, एकेरी जाळीची केबल त्याच्या जवळपास पण जात नाही. म्हणून मी एलएमआर-१९५ म्हणेन, लॉससाठी नाही, या शिल्डिंगसाठी. लॉस कमी होतो तो बोनस समजा.

जपानी रेडिओवाल्यांच्या माऊंटबरोबर ३डी-२व्ही, ५डी-एफबी अशा नावाच्या केबल येतात, त्या पण बघायला हरकत नाही. त्यात डी च्या आधीचा आकडा म्हणजे आतल्या इन्शुलेशनची मिमीमधली जाडी साधारण, आणि एफबी म्हणजे फोम अधिक फॉइल-जाळी. ३डी-२व्ही ही भरीव पॉलिथिलीनची आणि एकेरी जाळीची, म्हणजे आरजी-५८ च्याच घरातली.

आणि इंजिनच्या बाजूने केबल न्यायची वेळ आली (तुमची येत नाहीये पण दुसरं कोणी वाचत असेल म्हणून) तर पॉलिथिलीनवाली कुठलीच नको, ते ८० अंशाच्या पुढे मऊ पडतं. तिथे आरजी-४०० लावा, आत टेफ्लॉन, २०० अंशापर्यंत चालते, आतली तार पिळाची, वर चांदीचा मुलामा दिलेली दुहेरी जाळी. विमानांच्या रेडिओत हीच वापरतात, थरथर आणि गरमी दोन्ही सोसते. जाडी आरजी-५८ एवढीच. महाग आहे पण ५ मीटरच तर लागते.

चुंबक_माऊंट
एक विचारतो मध्येच. मी मॅग्नेट माऊंट वापरतो, त्याबरोबर जी बारीक केबल आली ती आरजी-१७४ आहे, दारातून सहज जाते, आणि माझा एसडब्ल्यूआर यूएचएफला १.६ च दाखवतो. मग एवढं सगळं करायची गरज आहे का? मला तर चांगलं चाललंय असं वाटतं.

डेसिबल
@चुंबक_माऊंट तुमचा १.६ हाच मला काळजीचा वाटतो, का ते सांगतो. रेडिओच्या टोकाला तुम्ही जो एसडब्ल्यूआर मोजता त्यात परत येणारी लाट केबलमधून दोनदा गेलेली असते, जाताना एकदा आणि येताना एकदा. केबल जेवढी जास्त खाते तेवढी परत येणारी लाट कमी दिसते आणि एसडब्ल्यूआर छान दिसतो. आरजी-१७४ ची ५ मीटर ४३५ ला ३ डीबीच्या आसपास खाते. समजा अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ आहे, तर त्या केबलच्या मागून तो १.६५ दिसेल. तोच अँटेना आरजी-५८ मागून २ च्या जवळ दिसला असता. म्हणजे केबल जितकी वाईट तितका मीटर खूश. तुमची निम्मी पॉवर केबलमध्येच उष्णता होऊन जातेय, आणि उरलेल्या निम्म्यातली पाव अँटेना परत पाठवतोय असं असू शकतं. अँटेनाच खरोखर १.६ चा असेल असंही असेल, पण या मीटरवरून ते सांगता येत नाही.

एक सोपी तपासणी आहे. नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) असेल तर अँटेना काढा, केबलचं ते टोक उघडं ठेवा आणि रेडिओच्या टोकाकडून रिटर्न लॉस (परत आलेली लाट किती डीबीने घटली ते) मोजा. टोक उघडं म्हणजे सगळी लाट परत येते, त्यामुळे जो आकडा येईल त्याच्या निम्मा हा तुमच्या केबलचा एका बाजूचा लॉस. ४३५ ला ६ डीबी आला तर केबल ३ खातेय. मग तेच टोक शॉर्ट करून पण मोजा आणि दोन्हीची सरासरी घ्या, जास्त बरोबर येतं.

खडखडाट
@चुंबक_माऊंट दारातून न्यायचीच असेल तर बारीक केबल फक्त दाराच्या रबरापुरती ठेवा, अर्धा मीटर, आणि पुढे जाडीची जोडा. असे तयार माऊंट मिळतात ज्यात दाराजवळचा तुकडा बारीक आणि पुढे आत जाड केबल असते. आणि केबल दाराच्या वरच्या कडेतून घ्या आणि आत शिरायच्या आधी खाली एक झोळ ठेवा म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकून जाईल, केबलच्या कडेने आत येणार नाही. रोज दार बंद होताना केबल चेपत असेल तर तिथली जाळी हळूहळू तुटते, बाहेरचं आवरण शाबूत दिसतं.

नवा_तरंग
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. आता माझं ठरतंय एलएमआर-१९५ वर, कारण जाडी आरजी-५८ एवढीच, अस्तरातून जाईल, आणि शिल्डिंगचा मुद्दा मला पटला कारण गाडीत डॅशकॅम आहे आणि त्याचा चार्जर आत्ताच एफएम स्टेशनला त्रास देतो. दोन शंका राहिल्यात. एक म्हणजे लांबी, मला सांगितलं गेलं की केबल ठराविक लांबीचीच पाहिजे, १८ फूट वगैरे, कापली तर एसडब्ल्यूआर बिघडतो. माझी ५ मीटरमध्ये बसली आणि मीटरभर उरली तर कापू की गुंडाळून ठेवू? दुसरं, १९५ ची आतली तार एकेरी आहे ना, मग खडखडाट यांच्या हिशोबाने ती गाडीत टिकेल का?

डेसिबल
कापा. १८ फुटांची गोष्ट २७ मेगाहर्ट्झच्या सीबी (सिटीझन बँड) रेडिओवाल्यांकडून आली आहे आणि तिथेही ती गरज नाहीच. केबल ५० ओहमची, अँटेना ५० ओहमच्या जवळ, मग लांबी कितीही असो, एसडब्ल्यूआर बदलत नाही, फक्त लांबीबरोबर लॉस वाढतो. अर्ध्या वेव्हलेंग्थच्या पटीत लांबी घ्यायची पद्धत आहे ती मोजण्यासाठी, कारण त्या लांबीला अँटेनाचा इम्पिडन्स (त्याचे ओहम) जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला दिसतो, आणि तिथेही व्हेलॉसिटी फॅक्टर (प्रकाशाच्या तुलनेत केबलमधला लाटेचा वेग) धरावा लागतो, भरीव पॉलिथिलीनला ०.६६ आणि एलएमआर-१९५ ला ०.८०.

पण केबल थोडी कापल्यावर एसडब्ल्यूआर खरंच उडी मारत असेल तर ती खूण आहे, की जाळीच्या बाहेरच्या अंगावरून करंट वाहतोय आणि केबलच अँटेनाचा भाग झालीय. बहुतेक वेळा माऊंटचं छताशी अर्थिंग नीट नसतं. भोकाच्या आतल्या कडेला रंग किंवा गंज-प्रतिबंधक थर असेल तर खरवडून उघडा पत्रा करा, एनएमओची रिंग त्यालाच चावली पाहिजे. मग वरून थोडं ग्रीस, नाहीतर तिथेच गंज धरेल.

खडखडाट
१९५ ची आतली तार एकेरी आहे हे बरोबर. पण मी जे बोललो ते हलणाऱ्या जागेबद्दल. तुमची केबल अस्तरात आणि पट्टीखाली बांधलेली राहणार, ती हलतच नाही, फक्त दोन टोकं हलू शकतात. छताच्या टोकाला माऊंटपासून थोड्याच अंतरावर केबल कापडी टेपने अस्तराच्या वरच्या पत्र्याला धरा म्हणजे तिचं वजन सोल्डरवर लोंबकळणार नाही, आणि खडखड आवाज पण येणार नाही. प्लास्टिकच्या टायने आवळताना ती खोल रुतेल इतकी ओढू नका, फोमची केबल तिथे चपटी होते. रेडिओच्या टोकाला हातभर केबलचा सैल झोळ ठेवा, सीट मागेपुढे होते त्या रुळात ती येणार नाही एवढं बघा, सीटच्या रुळात कापलेल्या केबल मी इतक्या पाहिल्यात की पहिली नजर तिथेच जाते. उरलेली मीटरभर कापायचीच, गुंडाळून सीटखाली कोंबली की तिथेच ती वळते आणि पाय लागून चेपते.

कनेक्टर आरजी-५८ चे क्रिंपवाले १९५ ला बहुतेक बसतात, पण घेताना पॅकेटवर १९५ लिहिलेलंच घ्या, फॉइलमुळे आत किंचित फरक पडतो. सोलताना फॉइल कापू नका, ती इन्शुलेशनला चिकटलेली राहू द्या, जाळी मागे घ्या, कनेक्टरची नळी फॉइल आणि जाळीच्या मध्ये गेली पाहिजे. क्रिंप झाल्यावर मल्टीमीटरने आतली तार ते जाळी मोजा, उघडं दाखवलं पाहिजे, आणि मोजताना केबल कनेक्टरजवळ हलवत राहा.

शांत_रिसीव्हर
@नवा_तरंग डॅशकॅमच्या चार्जरचं केबल टाकायच्या आधीच बघून घ्या. रेडिओ तात्पुरता बॅटरीवर लावा, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा, ४३५ आणि १४५ दोन्हीला एखाद्या दुबळ्या सिग्नलवर राहून चार्जर काढा-घाला करून ऐका. अँटेना लावलेला असताना गोंगाट येतो आणि अँटेनाच्या जागी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) लावला तर जातो, असं असेल तर तो अँटेनातूनच येतोय, तिथे कुठलीही केबल काही करू शकणार नाही, चार्जर बदलावा लागेल किंवा त्याच्या वायरला फेराइट (गोंगाट अडवणारी कडी) घालावी लागेल. माऊंटच्या जागी, म्हणजे केबलच्या वरच्या टोकाला, डमी लोड लावूनही गोंगाट येत राहिला तर मग तो केबलमधून किंवा पॉवरच्या वायरमधून शिरतोय. पॉवर सरळ बॅटरीवरून घ्या, दोन्ही वायरना फ्यूज, सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून ५० वॅटचा रेडिओ चालवू नका.

नवा_तरंग
समजलं. १९५ ची ६ मीटर घेतोय, क्रिंप टूल एका मित्राकडे आहे, आधी चार्जरची तपासणी करतो. केबल बसली की अँटेना काढून उघड्या टोकाचा रिटर्न लॉस दोन्ही बँडला मोजून इथे टाकतो, डेसिबल यांच्या हिशोबाने ४३५ ला अडीच डीबीच्या आसपास यायला पाहिजे ना?

डेसिबल
हो, अडीच. कनेक्टर धरून २.७-२.८ आला तरी ठीक. ४ च्या वर गेला तर अँटेना लावू नका, आधी कनेक्टर बघा. आणि अस्तर परत बसवायच्या आधी मोजा, नंतर नाही.